माइनक्राफ्ट सर्व्हरला संकेतस्थळ आणि दुकान जोडताना या चुका टाळा

‘पैसे कापले गेले, पण रँक (खेळातला विकत घेतलेला दर्जा) मिळाली नाही’ ही तक्रार माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे येते आणि पहिला संशय पेमेंट गेटवेवर, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेवर जातो. बहुतेक वेळा गेटवेने आपले काम चोख केलेले असते. संकेतस्थळावरचा ग्राहक आणि खेळातला खेळाडू एकच आहेत याची खात्री कोणी करून घेतलेली नसते, किंवा पैसे जमा झाले म्हणजे वस्तू पोचलीच असे गृहीत धरलेले असते. दुकान टेबेक्ससारख्या तयार सेवेवर असो किंवा रेझरपेसारखे गेटवे जोडून स्वतः बांधलेले असो, जावा आवृत्तीच्या सर्व्हरवर घोळ होतो तो याच दोन ठिकाणी.

नावावरून खेळाडू ओळखणे

माइनक्राफ्टमध्ये खेळाडूला दर ३० दिवसांनी नाव बदलता येते आणि त्याने सोडलेले नाव ३७ दिवसांनंतर दुसरा कोणीही घेऊ शकतो. असे असूनही अनेक संकेतस्थळांच्या डेटाबेसमध्ये खेळाडूची ओळख म्हणून केवळ नाव साठवलेले असते. मग नाव बदललेल्या जुन्या ग्राहकाची खरेदी हरवते आणि ते नाव घेणाऱ्या नवख्याला ती फुकटात मिळते. साठवायचा तो यूयूआयडी, म्हणजे प्रत्येक खात्याला कायमचा मिळालेला ३२ अक्षर-अंकांचा क्रमांक. नाव फक्त पडद्यावर दाखवण्यापुरते ठेवावे. येथे एक बारीक खोच आहे. माइनक्राफ्टची कंपनी मोजँग हिच्या एपीआयकडून (प्रोग्रॅमला माहिती पुरवणाऱ्या सोयीकडून) हा क्रमांक हायफनविना येतो आणि सर्व्हरच्या बहुतेक नोंदींत तो हायफनसह असतो. दोन्ही जसेच्या तसे ताडून पाहिले, तर ‘खाते सापडत नाही’ असा संदेश येत राहतो आणि दोष कशात आहे ते लवकर ध्यानात येत नाही. म्हणून साठवण्यापूर्वीच त्याला एक ठरावीक रूप द्यावे.

सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘ऑनलाइन-मोड’ (खेळाडूचे खाते खरे आहे का ते पडताळण्याची सोय) बंद असेल, तर हा क्रमांकही विश्वासाचा राहत नाही, कारण तेव्हा सर्व्हर तो नावावरूनच तयार करतो. व्हेलॉसिटीसारखा प्रॉक्सी (खेळाडूंना आधी स्वतःकडे घेऊन आतल्या सर्व्हरकडे पाठवणारा मधला सर्व्हर) वापरणाऱ्यांना आतल्या सर्व्हरवर हा मोड बंद ठेवावाच लागतो. त्यांनी प्रॉक्सीकडून खेळाडूची खरी माहिती पुढे पाठवण्याची सोय चालू आहे ना, हे तपासावे; ती मुळात बंद असते आणि ती बंद राहिली, की दुकान एका क्रमांकावर रँक देते व खेळाडू आत शिरतो तो दुसऱ्याच क्रमांकाने. आतल्या सर्व्हरचे पोर्ट (जोडणीचे दार) बाहेरून उघडे राहिले, तर कोणीही अ‍ॅडमिनचे नाव धारण करून थेट आत येऊ शकतो, आणि त्यापुढे दुकानाची चिंता दुय्यम ठरते.

पडताळणीविना खाते जोडणे

‘तुमचे खेळातले नाव लिहा’ एवढाच रकाना देऊन खाते जोडलेले मानणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण त्या रकान्यात कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. खेळाडूने खेळात जोडणीची आज्ञा द्यावी, त्याला काही मिनिटांत बाद होणारा आणि एकदाच चालणारा कोड मिळावा आणि तो त्याने संकेतस्थळावर लॉगिन करून भरावा, ही पद्धत सोपी आणि पुरेशी आहे. मात्र ‘तुझा कोड सांग, तुला फुकट रँक देतो’ असे चॅटमध्ये सांगणारे महाभाग प्रत्येक सर्व्हरवर भेटतात. म्हणून कोड भरल्यावर जोडणी लगेच पक्की न करता, ‘हे खाते अमुक नावाच्या संकेतस्थळ-खात्याला जोडले जात आहे’ अशी सूचना खेळातच दाखवून खेळाडूची संमती घ्यावी.

नावाच्या त्याच रकान्यात आणखी एक धोका दडलेला असतो. खेळाच्या आज्ञांमध्ये ‘ॲट’ चिन्हापुढे इंग्रजी ‘ए’ अक्षर लिहिले, की त्याचा अर्थ सर्व्हरवरचे सगळे खेळाडू असा होतो. ग्राहकाने नावाऐवजी ही दोन चिन्हे टाकली आणि संकेतस्थळाने तीच वस्तू देण्याच्या आज्ञेत घातली, तर एका खरेदीच्या पैशांत सर्व्हरभर हिरे वाटले जातात. जावा आवृत्तीच्या नावात इंग्रजी अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढेच चालते. त्याखेरीज काहीही आले, तर ते नाकारावे.

पैसे आले म्हणजे वस्तू पोचली असे मानणे

पैसे भरल्यानंतर ग्राहक ज्या ‘धन्यवाद’ पानावर परततो, त्या पानाच्या भरवशावर रँक देऊ नये. यूपीआयने पैसे भरून ब्राउझर बंद करणारे अनेक असतात, आणि पैसे न भरताच त्या पानाचा पत्ता उघडणारेही असतात. स्क्रीनशॉटबद्दल तर न बोललेलेच बरे. खरी बातमी गेटवेच्या वेबहुकमधून, म्हणजे गेटवे स्वतःहून संकेतस्थळाला पाठवतो त्या संदेशातून येते. त्या संदेशाची सही (तो गेटवेनेच पाठवल्याची खूण), आलेला मजकूर जसाच्या तसा ठेवून, तपासावी. आधी मजकूर उलगडून मग सही पडताळली, तर खरा संदेशही खोटा ठरू शकतो. रेझरपेमध्ये रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत लिहिली जाते, म्हणजे ₹५०० साठी ५०००० असा आकडा येतो, आणि पेमेंट केवळ मंजूर होणे व प्रत्यक्ष जमा होणे या निरनिराळ्या घटना आहेत. वस्तू द्यायची ती जमा झाल्यानंतरच. एकच संदेश दोनदाही येऊ शकतो, त्यामुळे प्रत्येक ऑर्डरसमोर ‘दिली’ अशी नोंद आधी पाहावी आणि मगच आज्ञा चालवावी.

यापुढचा टप्पा खेळातला आहे. रँक खेळाडूच्या गैरहजेरीतही देता येते. तलवार किंवा हिरे देता येत नाहीत, कारण तो आत नसेल तर आज्ञा वाया जाते. अशा वस्तू रांगेत ठेवून तो आल्यावर द्याव्यात आणि त्याच्या पिशवीत जागा आहे का हेही पाहावे, नाहीतर वस्तू जमिनीवर पडते आणि हरवू शकते. मुदतीच्या रँकबाबत लकपर्म्स हे रँक सांभाळणारे प्लगइन (सर्व्हरला जोडायचा पूरक प्रोग्रॅम) वापरणारे हमखास फसतात. तात्पुरती रँक चालू असताना तीच पुन्हा देण्याची आज्ञा हे प्लगइन मूळ सेटिंगमध्ये नाकारते, त्यामुळे मुदत संपण्याआधी प्रामाणिकपणे नूतनीकरण करणाऱ्या ग्राहकाचेच पैसे बुडतात. ते सेटिंग बदलून नवे दिवस उरलेल्या दिवसांत मिळवले जातील असे करावे.

संकेतस्थळावरून आज्ञा पाठवण्यासाठी आरकॉन (सर्व्हरला दुरून आज्ञा देण्याची सोय) वापरत असाल, तर २५५७५ हे त्याचे नेहमीचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नये, कारण पासवर्डसह सारा मजकूर त्यातून उघडाच जातो. ते फायरवॉलमागे ठेवावे किंवा सर्व्हरने स्वतःच संकेतस्थळाला ‘काही द्यायचे आहे का’ असे विचारणारे प्लगइन वापरावे.

तक्रार आल्यावर लगेच हाताने रँक देऊन मोकळे होण्याचा मोह होतो, पण रांगेत अडकलेली आज्ञा नंतर चालली, की तीच खरेदी दोनदा दिली जाते. आधी गेटवेच्या डॅशबोर्डवर पैसे जमा झाले आहेत का ते पाहावे, मग संकेतस्थळावरील ऑर्डर व तिच्यासमोरचा यूयूआयडी, त्यानंतर वेबहुकची नोंद, पुढे रांग आणि शेवटी सर्व्हरचा कन्सोल. साखळी जिथे तुटली असेल, तेथूनच पुढचे काम पुन्हा चालवावे. बँकेकडे तक्रार करून कोणी पैसे परत मिळवले, तर दिलेली रँक काढून घेण्याची आज्ञाही त्याच ऑर्डरला आधीपासून जोडलेली असावी; टेबेक्समध्ये ती लिहिण्याची सोय आहे, पण दुकान उघडण्याच्या घाईत तो रकाना रिकामाच राहतो.