धोक्यातल्या वारशासाठी निधी कसा मिळवावा

छप्पर गळतंय, खाली कपाटात जुनी हस्तलिखितं आहेत आणि हातात पैसा नाही. अशा वेळी बहुतेक जण अख्ख्या वास्तूच्या जीर्णोद्धाराचा भलामोठा प्रस्ताव लिहायला बसतात. माझा आग्रह नेमका उलटा आहे. आधी फक्त गळती थांबवण्यापुरते पैसे मागा. छोटी, नेमकी मागणी लवकर मंजूर होऊ शकते, आणि वारसा वाचतो तो वेळेवर आलेल्या पैशाने.

ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं उदाहरण आजही मन विषण्ण करतं. जून 2018 मध्ये त्याच्यासाठी मोठ्या निधीचा करार झाला होता आणि त्यात आगीपासून संरक्षणाचाही खर्च धरलेला होता. तो पैसा हातात पडण्याआधीच, 2 सप्टेंबरच्या रात्री आग लागली. संग्रहात सुमारे 2 कोटी वस्तू होत्या, त्यातल्या बहुतेक गेल्या.

पहिली पायरी: धोका एका वाक्यात लिहा

काय वाचवायचं आहे, कशापासून, आणि किती वेळ हातात आहे? ‘वारसा नष्ट होत आहे’ या वाक्यावर कुणी पैसे देत नाही. ‘पुराच्या पाण्यात भिजलेली 40 बाडं आहेत, दोन दिवसांत बुरशी धरेल’ यावर देतात. भिजलेल्या कागदावर साधारण 48 तासांत बुरशी दिसू लागते, म्हणून तो वाळवता येत नसेल तर गोठवून ठेवतात. मग मागणी आपोआप ठरते: शीतपेटी, शोषक कागद, चार माणसांची मजुरी.

दुसरी पायरी: पुरावा गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे, तारीख हवी आणि कुठली भिंत, कुठली बाजू हेही लिहिलेलं हवं. आधी लांबून एक फोटो, मग जवळून एक.

भिंतीला तडा असेल तर त्याच्यावर आडवी, पातळ प्लास्टरची पट्टी बसवा आणि ओल्या प्लास्टरवरच तारीख कोरा. काही आठवड्यांनी पट्टी तडकली, तर भिंत अजून सरकते आहे. अखंड राहिली, तर तडा बहुधा जुना आहे, तरी निष्कर्ष काढण्याआधी ऋतू बदलेपर्यंत बघत राहा. पाच पानी वर्णनापेक्षा तडकलेल्या पट्टीचे दोन फोटो परीक्षकाला जास्त पटतात.

तिसरी पायरी: कागदपत्रं

मालकी कुणाची, परवानगी कुणाची, काम कोण करणार? मालकाचं संमतीपत्र आणि संबंधित खात्याची परवानगी आधीच मिळवून ठेवा. प्रस्ताव मंजूर झाल्यावर त्यांच्यामागे धावणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. ज्यांचा वारसा आहे त्या लोकांना विचारल्याशिवाय तर एक ओळही लिहू नका.

चौथी पायरी: योग्य दार ठोठवा

युद्धामुळे धोका असेल तर जिनिव्हातली ‘अलिफ’ ही संस्था पाहा. ती 2017 मध्ये याच कामासाठी उभी राहिली. आपत्तीनंतरच्या तातडीच्या मदतीसाठी ‘कल्चरल इमर्जन्सी रिस्पॉन्स’ आहे. बगदादचं संग्रहालय 2003 मध्ये लुटलं गेलं, त्यानंतर तो उपक्रम सुरू झाला. जुन्या कागदपत्रांचं डिजिटलीकरण करायचं असेल तर ब्रिटिश लायब्ररीचा ‘एंडेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्राम’ 2004 पासून अनुदान देतो. त्याचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो: मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत.

युनेस्कोच्या निधींची वाट मुख्यतः सरकारांमार्फत जाते. जागतिक वारसा निधी 1972 च्या करारातून आला आणि तो वास्तू-स्थळांसाठी आहे. गाणी, नृत्यं, हस्तकला अशा जिवंत परंपरांसाठी 2003 च्या कराराखाली वेगळा निधी आहे. दोन्हींसाठी अर्ज सदस्यदेश करतो, तुम्ही नाही. म्हणून तुमचं काम संबंधित खात्याला तयार मसुदा नेऊन देणं. प्रत्येक निधीची देशांची यादी आणि मुदत बदलत असते, ती अर्ज भरण्याआधीच वाचा.

पाचवी पायरी: अंदाजपत्रक

गोल आकडे टाळा. दरपत्रकं मागवा आणि मजुरी, साहित्य, वाहतूक, तज्ज्ञाचं मानधन वेगवेगळं दाखवा. परकीय चलनातल्या अनुदानात विनिमय दर खालीवर होतो, त्याची तरतूद धरा. बँकेचं शुल्क आणि छायाचित्रणाचा खर्च लोक हमखास विसरतात.

काम संपल्यावर देखभाल कोण करणार, हेही इथेच लिहा. छपराची पन्हळ वर्षातून दोनदा साफ करायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असेल, तर तो प्रस्ताव भक्कम दिसतो.

पैसा आल्यावर

प्रत्येक पावती त्याच दिवशी फाइलला लावा. काम ठरल्यापेक्षा वेगळं करावं लागलं तर आधी कळवा, मग करा. प्रामाणिकपणे कळवलेला बदल निधी देणारे सहसा समजून घेतात. पहिल्या दिवशी फोटो ज्या जागेवरून काढले, त्याच जागेवरून पुन्हा काढा. भिंत सावरल्यावर तड्यावर नवी पट्टी बसवा, आणि पावसाळा गेल्यावरही ती अखंड असेल, तर तिचा फोटो अहवालाच्या पहिल्या पानावर लावा.