‘परोक्ष’ लिहायचं की ‘अपरोक्ष’?

मुद्रितशोधनाच्या कामाला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. एके दुपारी वरिष्ठांनी एका कथेचं पान पुढे सरकवलं आणि एका वाक्यावर बोट ठेवलं: ‘सासूच्या अपरोक्ष तिने दागिने गहाण टाकले.’ “काय चुकलंय?” मी तीनदा वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, विरामचिन्हं जागच्या जागी. शेवटी त्यांनीच ‘अ’वर लाल काट मारली. “परोक्ष म्हणजेच नजरेआड. अपरोक्ष म्हणजे डोळ्यांदेखत. या बाईने सासूच्या समोरून दागिने नेलेत, आणि सासू गप्प बसलीय.”

नवं शिकलेलं पाजळल्याशिवाय राहवत नाही. पुढचे काही महिने दिसेल त्या ‘अपरोक्ष’चा ‘अ’ मी उडवत सुटले. त्यात वेदान्तावरचा एक लेख तावडीत सापडला. गुरूकडून ऐकलेलं ज्ञान परोक्ष आणि स्वतः अनुभवलेलं अपरोक्ष, असा त्यात भेद केला होता. मी दोन्हीकडे ‘परोक्ष’ करून टाकलं आणि ते तसंच छापून आलं. लेखकाचं दोन ओळींचं पत्र मी अजून जपून ठेवलंय. त्यातली एक ओळ अशी: ‘आपण अनुभवच काढून टाकलात.’

म्हणून सांगते, ‘अ काढा’ एवढंच पाठ करू नका. आधी शब्द उघडून बघा. ‘अक्ष’ म्हणजे डोळा. डोळ्यासमोर ते प्रत्यक्ष आणि समक्ष, डोळ्यापलीकडे ते परोक्ष. परोक्ष नसलेलं ते अपरोक्ष, म्हणजे पुन्हा डोळ्यासमोरच. (गवाक्ष आणि कटाक्ष याच घरातले. अध्यक्षसुद्धा, वरून नजर ठेवणारा तो अध्यक्ष. त्यामुळे एका इतिवृत्तात ‘अध्यक्षांच्या अपरोक्ष ठराव मंजूर झाला’ असं वाचलं तेव्हा मला हसू आवरेना.)

घोळ होतो तो ‘प्रत्यक्ष–अप्रत्यक्ष’ या जोडीमुळे. तिथे ‘अ’ लावला की गोष्ट नजरेआड जाते, मग इथेही तसंच होत असणार असं मन धरून चालतं. शिवाय बोलताना ‘आईच्या’मधला शेवटचा ‘आ’ पुढच्या ‘अ’ला गिळून टाकतो. ‘आईच्या परोक्ष’ म्हटलं की ‘आईच्या अपरोक्ष’, हे कानाला नीट कळतच नाही. लिहिताना मात्र हात ‘अ’ घालून मोकळा होतो.

आता वापराकडे. वाक्य लिहून झालं की ‘परोक्ष’च्या जागी ‘पाठीमागे’ घालून वाचा. ‘माझ्या पाठीमागे त्यांनी माझं टेबल हलवलं’ हे जमतंय, म्हणजे ‘माझ्या परोक्ष त्यांनी माझं टेबल हलवलं’ हेही जमेल. मग दुसरा प्रश्न विचारा: कुणाच्या डोळ्यांआड? उत्तर वाक्यात असलं पाहिजे. ‘निर्णय परोक्ष झाला’ हे वाक्य लोंबकळत राहतं. ‘सभासदांच्या परोक्ष निर्णय झाला’ म्हटलं की पाय टेकतात. आधीचा शब्द ‘च्या’ घेऊन येतो: ताईच्या परोक्ष, मुलांच्या परोक्ष, तुमच्या परोक्ष. ‘परोक्षात’, ‘परोक्षपणे’ अशी शेपटं लावायची गरज मला तरी कधी पडली नाही.

खरी गंमत शेजारच्या शब्दांत आहे, आणि माझा लाल पेन सगळ्यात जास्त झिजला तो तिथेच. ‘नकळत’ आणि ‘परोक्ष’ एक नव्हेत. माणूस समोर बसलेला असतो, तरी त्याच्या नकळत त्याच्या ताटात आणखी एक पोळी पडते. उलट, ‘बाबांच्या परोक्ष पण त्यांना विचारूनच आम्ही कपाट विकलं’ हे वाक्य बिनचूक आहे. बाबा तिथे नव्हते, पण त्यांना ठाऊक होतं. परोक्षला फक्त डोळ्यांशी देणंघेणं आहे, माहितीशी नाही. त्यामुळे त्यात लबाडी असतेच असंही नाही. ‘ती तुझ्या परोक्ष तुझं कौतुक करत होती’ हे वाक्य एकदा लिहून बघा, शब्दाचा उगाच आलेला काळा रंग उतरतो.

‘पश्चात’ जपून वापरा. आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने आठवडाभराच्या रजेच्या अर्जात लिहिलं होतं, ‘माझ्या पश्चात माझी कामं अमुक पाहतील.’ पुढचे आठ दिवस आम्ही त्याच्या खुर्चीकडे पाहून उसासे टाकत होतो. अर्जात ‘माझ्या गैरहजेरीत’ लिहावं आणि घरी ‘माझ्या माघारी’ म्हणावं. दोन्ही चोख शब्द आहेत, आणि यात ‘परोक्ष’ला ओढायचं कारण नाही.

तसंच ‘अप्रत्यक्ष’चं. टोमणा तोंडावर मारला, पण नाव न घेता मारला, तर तो अप्रत्यक्ष टोमणा. तो समक्षच मारलेला आहे, म्हणून परोक्ष होत नाही. हिंदीत ‘परोक्ष कर’ चालतं, मराठीत आपण ‘अप्रत्यक्ष कर’ म्हणतो. भाषांतर करणाऱ्यांचा पाय इथे हमखास घसरतो.

एक प्रसंग मात्र चकवा देणारा आहे: स्वतःच स्वतःच्या परोक्ष काही करता येईल का? संस्कृतचं व्याकरण रचताना पाणिनीने ‘परोक्षे लिट्’ असं सूत्र केलं; बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी क्रियापदाचं वेगळं रूप. मग ‘मी’बरोबर ते रूप कसं यायचं? टीकाकारांनी तोड काढली: झोपेत मी बडबडलो म्हणे! केलं मीच, पण पाहिलं दुसऱ्यांनी. आपल्या मराठीत ही सगळी कामगिरी तो एक ‘म्हणे’ निभावतो.

हात बसवायचा असेल तर आजच्या दिवसातली तीन खरी वाक्यं लिहा. एकात कुणीतरी गैरहजर हवं, एकात हजर पण बेसावध, एकात हजर आणि सावध. पहिल्यात परोक्ष, दुसऱ्यात नकळत, तिसऱ्यात समक्ष किंवा देखत. मनाने रचलेली वाक्यं घेऊ नका, ती लगेच पुस्तकी होतात. ‘अपरोक्ष’ हा शब्द अध्यात्माबाहेर मी स्वतः वापरतच नाही. बरोबर अर्थाने लिहिला तरी निम्मे वाचक उलटा लावणार, मग ‘देखत’ काय वाईट आहे?

आणि दुसऱ्याने ‘माझ्या अपरोक्ष’ म्हटलं तर? बोलण्यात मी अडवत नाही; अर्थ कळलेला असतो, आणि लोक या अर्थाने तो सर्रास वापरतात. हस्तलिखितात मात्र समासात पेन्सिलने एवढंच लिहिते: ‘तुम्ही तिथे होता का?’ परवा एका लेखिकेने त्याखाली उत्तर लिहून पान परत पाठवलं: ‘नव्हते. पण सगळं ऐकलं.’ तो ‘अ’ मी खोडला, आणि तिचं उत्तर पुढच्या परिच्छेदात घ्यायला सुचवलं.