पॉइंट टू-टू रायफल घेताय? या चुका टाळा

चतुर्थीला आरती आटोपून माटोळीखाली (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या छताखाली) बसलो होतो, तेवढ्यात भाच्याने मोबाइल पुढे केला. "मामा, ही बघ. जुनी जर्मन आहे, दुर्बिणीसकट देतो म्हणतात." फोटोत रायफल चकचकीत होती. मी विचारलं, लायसन्स झालं? नाही. काडतुसं कुठली मारणार? ठरलं नव्हतं. खांद्याला लावून पाहिलीस? ती तर बेळगावात होती.

2024 मध्ये पॅरिसला राधानगरीकडच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मारायच्या नेमबाजीचं) कांस्य मिळवलं, तेव्हापासून आमच्या गोव्यातही असे प्रश्न वाढलेत. त्या स्पर्धेची रायफल म्हणजे हीच, पॉइंट टू-टू, म्हणजे 0.22 इंची गोळीची. घेणाऱ्यांच्या चुका मात्र जुन्याच आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा मी स्वतः करून बसलोय.

कागदाआधी रायफल

ही चूक सर्वांत महागात पडते. पॉइंट टू-टू लहान दिसली तरी कायद्याने ती पूर्ण बंदूकच. लायसन्स उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळतं, आणि ते हातात येईपर्यंत कुणाला इसारही देऊ नये. साध्या लायसन्सदाराला 2019 च्या दुरुस्तीनंतर दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यात आजोबांची वारशाने आलेली दुनळीही धरतात. घरातल्या कपाटात काय आहे ते आधी मोजा. दुसऱ्या लायसन्सदाराकडून वापरलेली रायफल घेत असाल, तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस ठाणं दोघांना लेखी कळवून 45 दिवस थांबायला हवं. "आज पैसे द्या, कागद मागाहून करू" असं कुणी म्हणाला की चहा पिऊन उठावं.

मुलाला नुसती आवड आहे का तेच पाहायचं असेल, तर 4.5 मिलिमीटरची, 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल लायसन्सशिवाय मिळते. वर्षभर तिच्यावर दहा मीटर मारू दे, मग बघा.

सत्तरी, सांगे भागातले लोक हमखास विचारतात, रानडुकरांना ही चालेल का? नाही. शिकार कायद्याने बंद आहे, आणि अडीच-पावणेतीन ग्रॅमची ही गोळी जनावराला नुसतं जखमी करून सोडते. ही कागदावर भोकं पाडायची रायफल आहे.

नाव बघून घेणं, अंगाला न लावता

परदेशातून नवी रायफल मागवायची मुभा ठरावीक दर्जाच्या नेमबाजांनाच आहे, त्यामुळे बाजारात जुन्या परदेशी नावांना सोन्याचा भाव येतो. ब्रनो असो, बीएसए असो की अॅनशुट्झ, नावाने दहाचं वर्तुळ लागत नाही. कोपर काटकोनात वाकवा, बट, म्हणजे दस्त्याचं (नळी ज्यात बसवतात त्या भागाचं) मागचं टोक, कोपराच्या खोबणीत टेकवा आणि तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर पोहोचतं का पाहा. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. साइट (नळीवरची नेम धरायची खूण) नाकासमोर सरळ दिसली तर दस्ता तुमचा. मान ताणावी लागली किंवा गाल उचलावा लागला, तर तो माणूस वेगळा, ज्याच्यासाठी ती बनली होती. डावखुऱ्यांनी उजव्या हाताच्या बोल्टशी (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याशी) भांडत बसू नये.

वजनाचंही तसंच. 50 मीटर स्पर्धेत 8 किलोपर्यंत चालतं, म्हणून चौदा वर्षांच्या पोराच्या हातात 7 किलोची देतात. तो उभा राहून पाच मिनिटांत कमरेतून मागे वाकतो, आणि ती खोड पुढे जाता जात नाही.

लांब नळी म्हणजे जास्त मार

हा समज बारा बोअरच्या, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीच्या, गप्पांतून आलाय. टू-टूची दारू सोळा-अठरा इंचांत जळून जाते, पुढची नळी गोळीला वेग देत नाही. लांब नळीचा फायदा एवढाच की दोन साइटमधलं अंतर वाढतं आणि नेमातली चूक लवकर दिसते. दुर्बीण लावणार असाल तर तोही नाही.

काडतूस नंतर बघू

खरं तर काडतूस आधी बघायचं. तुमच्या डीलरकडे वर्षभर कुठलं मिळणार, हे विचारून मग रायफल ठरवा. प्रत्येक नळीची आवड वेगळी. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी एकीला जे मानवतं ते दुसरीला मानवत नाही. घ्यायच्या आधी रेंजवर मारून बघू देत असतील, तर तीन-चार जातींची काडतुसं न्या, वाळूच्या पिशवीवर टेकवून 50 मीटरवर एकाच नेमावर पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप काढा. दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. पाचही गोळ्या त्याच्या आसपास राहिल्या तर रायफल चांगली. जात बदलली की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका. नळीत आधीच्या गोळ्यांचं मेण असतं, ते जायला वेळ लागतो.

"हाय व्हेलॉसिटी" लिहिलेल्या डबीच्या मोहात पडू नका. ती गोळी सेकंदाला 380 मीटरच्या आसपास निघते आणि 50 मीटरला पोहोचता पोहोचता आवाजाच्या वेगाखाली येते. नेमक्या त्या उंबरठ्यावर ती डळमळते. सावकाश निघणारी, 330 मीटरवाली गोळी सुरुवातीपासून आवाजाच्या मागेच असते, तिला हा धक्का बसत नाही. आणखी गंमत म्हणजे वाऱ्याने वेगवान गोळीच जास्त वाहते. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की आपल्याकडे हे लगेच दिसतं.

वापरलेल्या रायफलीत कुठे बघावं

सगळेजण बोल्ट मागेपुढे करून "मस्त चालतो" म्हणतात. बोल्ट चालणारच. आधी चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची खात्री करा, बोल्ट काढून ठेवा, आणि नळीत पांढऱ्या कागदाचा उजेड पाडून बघा. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. मधेच एखादं सावलीचं कडं दिसलं, तर कधीतरी अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडलीय आणि नळी आतून फुगलीय. ती रायफल फुकटही नको.

मग नळीचं तोंड. कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि काठावरून हळू गोल फिरवा. कापसाचा तंतू जिथे अडकेल तिथे खाच आहे. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते तो इथेच. पुढून लोखंडी सळई घालून वर्षानुवर्षं साफ केलेल्या रायफली इथेच मेलेल्या असतात.

तिसरी जागा चेंबरची कड. टू-टूमध्ये वेगळी टोपी नसते, ठिणगीची दारू काडतुसाच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेली असते आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. काडतूस नसताना जुन्या रायफलीचा ट्रिगर ओढत राहिलं की पिन चेंबरच्या धातूवरच बसते. टॉर्च लावून बघा, कडेला तांदळाच्या कणीएवढा खळगा दिसेल. मग कवच (गोळी गेल्यावर उरलेली पुंगळी) बाहेर निघताना अडतं, काडतूस नीट बसत नाही, आणि लोक दोष काडतुसाला देतात. बार झाला नाही तर तोंड टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट उघडा. झाडलेल्या कवचांवरचे पिनचे ठसेही बघा. उथळ किंवा कधी इकडे कधी तिकडे पडलेले असतील, तर पिन किंवा स्प्रिंग गेलीय.

दुर्बिणीबद्दल एकच. मोठ्या रायफलीची दुर्बीण बहुधा 100 यार्डांना जुळवलेली असते, 50 वर डोकं जरा हललं की दुर्बिणीतला नेमाचा क्रॉस टार्गेटवर सरकतो. टू-टूसाठी बनवलेलीच घ्या.

गोव्याचा पाऊस विसरणं

आता माझं. माझी रायफल लाकडी दस्त्याची. मे महिन्यात झीरो केली, म्हणजे गोळी नेमावर लागेल अशी साइट जुळवली, सुरेख मारत होती. जुलैत गोळ्या वर-डावीकडे जायला लागल्या. साइट फिरवली. नोव्हेंबरात त्या खाली-उजवीकडे आल्या. पुन्हा फिरवली. काडतुसांच्या दोन डब्या उडाल्या, ट्रिगरवर संशय घेतला, चष्म्याचा नंबर तपासून घेतला. शेवटी रेंजवरच्या एका वयस्कर गृहस्थांनी खिशातून दहाची नोट काढली आणि नळी व दस्ता यांच्यामधून सरकवली. नोट चार बोटं गेली आणि अडली. दमट हवेत लाकूड फुगत होतं, नळीला एका बाजूने ढकलत होतं, आणि सुकलं की सोडत होतं. गनस्मिथने दस्त्याची खोबण घासून आतून वार्निश दिलं, तेव्हापासून साइटला हात लावलेला नाही. घेताना नोट खिशात असू द्या, आणि शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्येच बघायला जा.

रेक्झिनच्या गवसणीत किंवा फोमच्या पेटीत रायफल चार महिने ठेवली तर चतुर्थीला उघडाल तेव्हा फोमच्या नक्षीचाच गंज निघेल. कुलूपबंद कपाट, सिलिका जेल, आणि दर पंधरवड्याला तेलाचा हलका हात. खोबरेल नको. आमच्याकडे सगळ्याला खोबरेल लावतात, पण ते बोल्टमध्ये चिकट होऊन बसतं. शिलाई मशीनचं तेल बरं. नळीत तेल असेल तर मारायच्या आधी कोरड्या चिंध्या ओढा, नाहीतर पहिली गोळी कुठे गेली ते शोधत बसाल.

बेळगावची ती जर्मन रायफल आम्ही शेवटी जाऊन पाहिली. कापूस तीन ठिकाणी अडकला. चहा मात्र चांगला होता.