पित्त उठतं तेव्हा काय होतं?

घरात कुणाच्या अंगावर पित्त उठलं की आजी आमसुलाचं पाणी चोळायची. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी नेमकं तेच काढलं. मी आयजीई ही अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं, हिस्टामिन हे रसायन, ते साठवणाऱ्या मास्ट पेशी अशी नावं घडाघडा म्हणून टाकली. "ते झालं गं. पण गांध फुगते कशानं?" मी गप्प.

उत्तर सोपं आहे. हिस्टामिनमुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली येते. त्यांच्या भिंतीतल्या पेशींमध्ये फटी पडतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, म्हणून फुगवटा. मज्जातंतूंची टोकं चाळवतात, म्हणून खाज. हे सगळं काही मिनिटांत होतं, कारण हिस्टामिन मास्ट पेशीच्या कणांमध्ये आधीच भरून तयार असतं. पित्ताशयाचा यात काडीचा संबंध नाही, पण आजीला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

मुंबईत इम्युनॉलॉजी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र, शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी स्लाइड बघायला बसवते, पुस्तक मग. ‘मस्त पेशी’ हा विनोद दरवर्षी होतोच, होऊ द्यावा. जर्मनमध्ये ‘मास्ट’ म्हणजे जनावराला चारून पुष्ट करणं. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिखनं 1878 साली, विद्यार्थी असतानाच, हे नाव दिलं. कण ठासून भरलेली पेशी त्याला खाऊन-पिऊन तुंद वाटली. स्लाइडवर ही पेशी ओळखायला वापरतात तो टोल्युइडिन ब्लू हा रंग निळा, पण या कणांवर तो जांभळा दिसतो. कणांतल्या हेपॅरिन नावाच्या रेणूवरच्या सल्फेटची ती करामत.

माझी पहिली स्लाइड मात्र सगळीच निळी आली. रंगाचं पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, मी मोजलंच नव्हतं. ते दोन-अडीचच्या आसपास ठेवावं लागतं, वर गेलं की केंद्रकंसुद्धा रंग धरतात आणि मास्ट पेशी गर्दीत हरवते. दुसऱ्या खेपेला पीएच जमलं, तर स्लाइड अल्कोहोलमध्ये ठेवून मी चहाला गेले. परत येईपर्यंत जांभळा धुऊन गेला होता.

नवखी मुलं ही पेशी रक्तात शोधतात. तिथं तिची फक्त पूर्वज पेशी जाता-येता दिसेल. मोठी ती ऊतीत गेल्यावर होते आणि तिथंच मुक्काम ठोकते. त्वचा, श्वासनलिका, आतडं, बहुतेक रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या शेजारी. रक्तात तिच्यासारखी कणवाली दिसते ती बेसोफिल, एक पांढरी रक्तपेशी. दोघींकडे हिस्टामिन असतं, म्हणून घोटाळा होतो.

परीक्षेसाठी एक चित्र हातानं काढायची सवय लावा: पेशीवर बसलेली दोन आयजीई आणि दोघींना एकदम धरणारा, अ‍ॅलर्जी आणणारा एकच पदार्थ म्हणजे अ‍ॅलर्जन, कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन म्हणा. ही जोडणी झाली की कण बाहेर पडतात. पण हा एकच रस्ता समजू नका. व्हँकोमायसिनसारखं अँटिबायोटिक आयजीईशिवाय, पेशीवरच्या दुसऱ्याच रिसेप्टरवरून याच पेशीचे कण बाहेर पाडू शकतं.

अ‍ॅलर्जीच्या धड्यात कोंबल्यामुळे या पेशीची बदनामीच फार झालीय, असं माझं मत. कृमींविरुद्ध ती लढते. 2006 साली उंदरांवर दिसलं की काही सापांचं आणि मधमाशीचं विष पचवायला मास्ट पेशी मदत करतात. विष तोडणारं एंझाइम त्यांच्या कणांतच असतं.

पुढे नोकरी अ‍ॅलर्जी क्लिनिकमध्ये लागली तर हेच ज्ञान हातावर उतरतं. प्रिक टेस्टमध्ये, म्हणजे हातावर थेंब टाकून हलकेच टोचण्याच्या चाचणीत, अ‍ॅलर्जनांच्या थेंबांसोबत एक हिस्टामिनचा थेंब असतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत तिथं गांध उठायलाच हवी. माझ्या पहिल्या महिन्यात विरारहून भल्या पहाटे निघून आलेल्या एका काकूंच्या हातावर काहीच उठलं नाही, हिस्टामिनलाही नाही. आदल्या रात्री त्यांनी सर्दीची गोळी घेतली होती, अँटिहिस्टामिन. अशा गोळ्या काही दिवस आधीच बंद ठेवायच्या असतात, हे त्यांना फोनवर सांगायचं काम माझंच होतं.