विकलेल्या शेअरचा कॉस्ट बेसिस अमेरिकी टॅक्स रिटर्नमध्ये कसा दुरुस्त करावा

अमेरिकेत नोकरीत मिळालेले आरएसयूचे, म्हणजे कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले, शेअर विकले की ब्रोकरकडून १०९९-बी हा विक्रीचा फॉर्म येतो. त्यातल्या १ई या चौकटीत, म्हणजे कॉस्ट बेसिसच्या (टॅक्ससाठी धरायच्या शेअरच्या मूळ किमतीच्या) जागी, कधी शून्य असतं तर कधी जागा कोरीच. तेच रिटर्नमध्ये उतरवलंत तर एकाच पैशावर दोनदा टॅक्स बसतो. कारण शेअर व्हेस्ट झाले, म्हणजे खरोखर तुमच्या मालकीचे झाले, त्या दिवशीची त्यांची किंमत पगार म्हणून डब्ल्यू-२ मध्ये (वर्षाच्या पगाराच्या फॉर्ममध्ये) आधीच धरलेली असते.

आधी खरा आकडा काढा: व्हेस्टिंगच्या दिवशीचा भाव गुणिले विकलेले शेअर. ब्रोकर बहुधा एक ‘सप्लिमेंटल’ पत्रकही देतो. दुरुस्त बेसिस अनेकदा त्यात आयता मिळतो, पण ते उघडून बघायचं कुणाच्या मनातच येत नाही. ईएसपीपीचे, म्हणजे कंपनीकडून सवलतीत विकत घेतलेले, शेअर असतील तर तुम्ही मोजलेली किंमत अधिक डब्ल्यू-२ मध्ये उत्पन्न म्हणून दाखवलेली सवलत, असा हिशोब.

मग फॉर्म ८९४९, म्हणजे रिटर्नमध्ये प्रत्येक विक्री दाखवायचा फॉर्म. घोळ होतो तो इथेच. १०९९-बीच्या चौकट १२ मध्ये खूण असेल, तर ब्रोकरने बेसिस आयआरएसला (अमेरिकेच्या टॅक्स खात्याला) कळवलेला आहे. अशा वेळी कॉलम ई मधला ब्रोकरचा बेसिसचा आकडा चुकीचा असला तरी तसाच ठेवायचा, कारण आयआरएसकडे तोच आहे. कॉलम एफ मध्ये ‘बी’ हा (बेसिस चुकला आहे असं सांगणारा) कोड टाकायचा आणि फरक कॉलम जी मध्ये, वजा म्हणून, कंसात.

समजा १०० शेअर ५० डॉलरला व्हेस्ट झाले आणि ५२ ला विकले. कॉलम डी मध्ये विक्रीची रक्कम ५,२००, ई मध्ये ब्रोकरचं शून्य, जी मध्ये वजा ५,०००. कॉलम एच मध्ये नफा उरला २०० डॉलर. दुरुस्ती केली नसती तर ५,२०० वर टॅक्स!

बेसिस आयआरएसला कळवलेला नसेल तर काम सोपं: खरा आकडा थेट कॉलम ई मध्ये, कोड ‘बी’ आणि जी मध्ये शून्य. सॉफ्टवेअर वापरत असाल तर १०९९-बी आपोआप ओढून घेतल्यावरही प्रत्येक विक्री उघडून बघा. बेसिस दुरुस्त करायचा पर्याय आत कुठेतरी दडलेला असतो.

रिटर्न आधीच भरून झालं असेल तर दुरुस्त रिटर्नचा फॉर्म १०४०-एक्स भरा. सोबत नवा ८९४९, शेड्यूल डी (नफ्या-तोट्याची बेरीज) आणि दोन ओळींचं कारण. परताव्यासाठी साधारणपणे रिटर्न भरल्यापासून ३ वर्षं किंवा टॅक्स भरल्यापासून २ वर्षं, यातली जी मुदत नंतर संपते ती. राज्याला इन्कम टॅक्स भरत असाल तर तिथलं रिटर्नही वेगळं दुरुस्त करावं लागतं.