विश्वामित्रीच्या मगरींचे वृत्तछायाचित्रण

पर्यावरणविषयक वृत्तछायाचित्रण शिकू इच्छिणाऱ्या बडोदेकराने दूरच्या अभयारण्याआधी कमाटीबागेतून वाहणारी विश्वामित्री पाहावी, कारण पावागडाकडून येणाऱ्या या नदीत शहराचे सांडपाणी आणि मगरींची वस्ती एकाच पात्रात दिसते. हिवाळ्यात सकाळच्या उन्हाला मगरी काठावर येऊन पडतात. तेव्हा खाली न उतरता पुलावरूनच दूरचे मोठे दाखवणाऱ्या ४०० मिलिमीटरच्या लेन्सने फोटो घ्यावेत. नुसता जबडा टिपू नये. मागची घरे, नाल्याचे तोंड, साचलेले प्लॅस्टिक चौकटीत आले, तरच त्या चित्राची बातमी होते.

उन्हाळ्याच्या सुमारास मादी काठच्या मातीत अंडी घालते. त्या जागेजवळ जाऊ नये आणि तिचा पत्ता छापू नये, हा नियम मी सर्वांत वर ठेवतो. मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्त्यांत शिरल्या होत्या. अशा वेळी वनविभागाच्या पथकाची वाट अडवू नये, फ्लॅश वापरू नये, आणि ज्याच्या घरात पाणी शिरले आहे त्याला विचारूनच त्याचा फोटो काढावा.

फोटोओळीत तारीख, परिसर आणि प्रत्यक्ष पाहिलेली घटना एवढेच लिहावे. उजेड थोडा सुधारता येतो. चित्रातील वस्तू पुसता किंवा वाढवता येत नाही.