चित्रे, शिल्पे आणि पोथ्यांचा वारसा: मृत्युपत्र, कर आणि कागदपत्रांची पूर्वतयारी

भारतात आज वारसा कर नाही. 1953 च्या कायद्याने आलेली इस्टेट ड्युटी 16 मार्च 1985 पासून बंद झाली, आणि एके काळी मोठ्या मालमत्तेच्या वरच्या टप्प्यावर 85 टक्क्यांपर्यंत पोहोचलेला तिचा दर आता फक्त जुन्या वकिलांच्या आठवणीत उरला आहे. बक्षीस कर 1998 मध्ये गेला आणि संपत्ती करही नंतर रद्द झाला. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडच्या एखाद्या चित्रकाराच्या अथवा संग्राहकाच्या घरात ‘आपल्याला कसले नियोजन करायचे’ असे म्हटले जाते, आणि हा समजच पुढे महागात पडतो. कर मृत्यूच्या दिवशी लागत नसला तरी वारसाने वस्तू विकली की लागतो, आणि त्या वेळी वस्तू कधी, कोठून आणि कितीला घेतली हे सांगू शकणारी एकमेव व्यक्ती हयात नसते. म्हणून कलावस्तूंच्या बाबतीत करनियोजनाचा मोठा भाग म्हणजे जिवंतपणी केलेली कागदपत्रांची जुळवाजुळव होय. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या आयकर कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. येथे कलमे न देता तत्त्वेच सांगितली आहेत.

आधी यादी

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यावा आणि एका जाड वहीत किंवा संगणकावरील तक्त्यात कलाकाराचे नाव, माध्यम, सेंटिमीटरमधील माप, निर्मितीचे वर्ष, खरेदीची तारीख, विक्रेता, किंमत आणि वस्तू सध्या कोठे आहे हे सर्व नोंदवावे. छायाचित्र पुढून घ्यावे तसे मागूनही घ्यावे, कारण कॅनव्हासच्या मागील लाकडी चौकटीवरचे गॅलरीचे चिकटपत्र, पेन्सिलीने लिहिलेला जुना प्रदर्शन क्रमांक आणि कोपऱ्यातली धूसर सही यांवरच पुढे अस्सलपणा सिद्ध होतो. फ्रेम बदलताना हीच चिकटपत्रे कारागीर खरवडून टाकतात, म्हणून त्याला आधीच बजावून ठेवणे चांगले. यंत्रातून निघालेली पावती मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत पांढरी पडते, तेव्हा तिची छायाप्रत लगेच काढावी.

काही जुन्या घरांत निजामाच्या काळातील, हाली सिक्का या त्या राज्याच्या चलनातील रकमेच्या उर्दू किंवा मोडी पावत्या आढळतात. करासाठी त्यांचा उपयोग थोडाच असतो, कारण 1 एप्रिल 2001 पूर्वी घेतलेल्या वस्तूसाठी त्या तारखेचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरण्याची मुभा आहे आणि ते बहुधा मूळ किमतीपेक्षा कितीतरी अधिक भरते. मात्र वस्तू त्या घरात कधीपासून आहे याचा पुरावा म्हणून अशा कागदाला तोड नाही. तो मराठीत उतरवून घ्यावा आणि मूळ कागद जपून ठेवावा.

कर कोठे लागतो

घरातील भांडीकुंडी, कपडे किंवा फर्निचर विकल्यास भांडवली नफ्याचा, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावरील कराचा, प्रश्न सहसा येत नाही. परंतु दागिने, चित्रे, शिल्पे, पुरातत्त्वीय संग्रह आणि कोणतीही कलाकृती यांना ही सूट नाही. वारसाला मिळालेल्या वस्तूची किंमत शून्य धरत नाहीत, तर मूळ मालकाने दिलेली किंमतच वारसाची खरेदी किंमत मानतात, आणि त्याने वस्तू बाळगलेला कालही वारसाच्या कालात मिळवतात. समजा, लातूरच्या एका संग्राहकाने 2012 मध्ये सहा लाखांना घेतलेले चित्र त्यांच्या मुलीने वडिलांच्या पश्चात चारच महिन्यांनी दहा लाखांना विकले. चित्र 24 महिन्यांहून अधिक काळ कुटुंबात असल्यामुळे नफा दीर्घकालीन ठरतो, तो चार लाखांचा असतो, आणि 12.5 टक्के दराने 50,000 रुपये व त्यावर 4 टक्के उपकर असा एकूण 52,000 रुपये कर भरावा लागतो. खरेदीची पावती सापडली नाही आणि अधिकाऱ्याने मूळ किंमत मान्य केली नाही, तर तोच कर 1,30,000 रुपयांवर जातो. हा 78,000 रुपयांचा फरक केवळ एका कागदाचा आहे.

दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एकाच व्यवहारात रोखीने स्वीकारणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो, आणि कलावस्तूंच्या खरेदी-विक्रीत रोखीचा आग्रह आजही धरला जातो, हे वारसांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. विक्रीचा पूर्ण मोबदला ठरावीक मुदतीत निवासी घरात गुंतवल्यास अटींच्या अधीन राहून कर वाचू शकतो. त्या अटी व्यवहारापूर्वीच सीएकडून समजून घ्याव्यात, कारण पैसे खर्च झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

स्वतः कलाकाराचा प्रश्न वेगळा आहे. त्याने रंगवलेली, न विकली गेलेली चित्रे ही त्याच्या व्यवसायातील उत्पन्नाची साधने असल्यामुळे वारसाच्या हाती ती करासाठी कोणत्या शीर्षाखाली (व्यवसायाचे उत्पन्न की भांडवली नफा) येतील याविषयी सल्लागाराचे लेखी मत आधीच घेतलेले बरे.

मृत्युपत्र की बक्षीसपत्र

शिष्याला, स्नेह्याला किंवा जिवलग मित्राला चित्र द्यायचे असेल तर ते मृत्युपत्रानेच द्यावे. नातेवाईक नसलेल्या व्यक्तीला वर्षभरात मिळालेल्या अशा बक्षिसांचे बाजारमूल्य 50,000 रुपयांहून अधिक झाले, तर ते सर्व मूल्य घेणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेल्या वस्तूला हा नियम लागू नाही. गुरूने हयातीत प्रेमाने दिलेल्या पाच लाखांच्या चित्रावर शिष्याला कर भरावा लागतो आणि त्याच चित्राचा उल्लेख मृत्युपत्रात असल्यास लागत नाही, असा हा विचित्र परंतु पक्का फरक आहे.

पत्नीला किंवा सुनेला हयातीत चित्र बक्षीस दिले तर ते करमुक्त असते, पण तिने ते विकल्यावर होणारा नफा देणाऱ्याच्याच उत्पन्नात जोडला जातो. मुलगा, मुलगी, भाऊ किंवा बहिणीला दिल्यास सहसा तसे होत नाही. चल वस्तूचे दान प्रत्यक्ष ताबा देऊनही पूर्ण होते. लेखी बक्षीसपत्र करायचे ठरल्यास जवळच्या नातलगांना निवासी घर आणि शेतजमीन यांसाठी मिळणारी 200 रुपयांच्या मुद्रांकाची सवलत चित्रांना नाही, हे ध्यानात ठेवावे.

मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते आणि त्याला मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र आवश्यक असतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही माझ्या मते कलासंग्रहाच्या बाबतीत ती करावीच, कारण या वस्तू हातोहात हलवता येतात आणि वाद जवळपास ठरलेलाच असतो. मुस्लिम कुटुंबांत वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, म्हणून बिदरी कलावस्तूंचा किंवा खुशखतीचा (सुलेखनाचा) संग्रह असलेल्या घरांत हयातीत हिबा (मुस्लिम कायद्यानुसार दान) करून ताबा देणे अधिक सोयीचे ठरते.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या मागे पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. जमिनीचे तुकडे पडतात, चित्राचे पडत नाहीत. न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र हे येणी आणि रोख्यांसाठी असते. भिंतीवरच्या चित्रासाठी त्याचा उपयोग होत नाही. अशा वेळी सर्व वारसांनी मूल्यांकन करून घेऊन लेखी वाटणीपत्र करणे हाच सरळ मार्ग आहे.

कलाकाराने विसरू नये असे हक्क

चित्र विकले म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला गेला असे होत नाही. कलाकृतीवरील कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. 2024 मध्ये निधन पावलेल्या चित्रकाराचा हक्क 2084 च्या अखेरीपर्यंत राहील. म्हणून मृत्युपत्रात चित्रे कोणाला आणि कॉपीराइट कोणाला, हे वेगवेगळ्या वाक्यांत लिहावे. तसे न लिहिल्यास, कधीही प्रकाशित न झालेले चित्र ज्याला दिले त्याच्याकडे त्याचा कॉपीराइटही आपोआप जातो, आणि ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते.

गावोगावच्या चौकांत पुतळे उभारणाऱ्या शिल्पकारांना येथे जास्त जपावे लागते. मोबदला घेऊन मागणीनुसार रंगवलेल्या तैलचित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मागणी करणाऱ्याकडे जातो. पुतळ्याच्या बाबतीत ही तरतूद नाही, त्यामुळे कराराने हक्क दिलेला नसल्यास तो सहसा स्वतंत्र शिल्पकाराकडेच राहतो. त्यामुळे कारखान्याच्या कोपऱ्यात पडलेला साचा हीदेखील मालमत्ता असते, आणि तो कोणाच्या ताब्यात राहील व त्यातून नवी प्रत ओतण्याची परवानगी कोण देईल, हे मृत्युपत्रात लिहावे. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकल्या गेलेल्या मूळ चित्रात, शिल्पात किंवा रेखाचित्रात, विकणाऱ्याला मिळालेल्या किमतीच्या 10 टक्क्यांपर्यंत वाटा मागण्याचा हक्क कायद्याने कलाकाराला आणि त्याच्या वारसांना दिला आहे. तो कागदावर असला तरी वसूल करणे अवघड आहे, आणि यादी नसल्यास अशक्यच आहे. मुंबई-पुण्याच्या गॅलऱ्यांकडे विक्रीसाठी ठेवलेल्या कामांची सही-शिक्क्याची पोच दरवर्षी नव्याने घ्यावी.

जुन्या वस्तू आणि परदेशातील मुले

शंभर वर्षांहून जुनी शिल्पे व चित्रे आणि 75 वर्षांहून जुनी ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाची हस्तलिखिते 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. महानुभाव पोथ्या, जुन्या मूर्ती किंवा सचित्र हस्तलिखिते बाळगणाऱ्या मराठवाड्यातील अनेक घरांना याची कल्पना नसते. अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते, मालकी किंवा ताबा बदलल्यास कळवावे लागते, आणि खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाच्या नावे देवघरातील दोनशे वर्षांची मूर्ती लिहून ठेवली, तर तो मालक होईल, पण ती त्याला तिकडे नेता येणार नाही.

अशा वस्तूंसाठी सरकार, विद्यापीठ किंवा अधिसूचित संग्रहालय हा पर्याय गंभीरपणे विचारात घ्यावा. धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेला सातवाहनकालीन संग्रह आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात अखंड आहे. कलाकृती किंवा हस्तलिखित या संस्थांना विकले तरी भांडवली नफ्यावर कर लागत नाही. संग्रह विखुरला जाऊ नये ही अट दानपत्रात घालता येते.

याउलट, आपली चित्रे परदेशात ठेवलेली असतील तर तेथील कायदा आडवा येऊ शकतो: अमेरिकेचे नागरिक वा रहिवासी नसलेल्या व्यक्तीच्या तेथील मालमत्तेवर, तीत चित्रेही आली, 60,000 डॉलरपलीकडे तेथील इस्टेट टॅक्स लागू होतो. मुलाच्या बोस्टनमधील घरी टांगलेले चित्र अजून वडिलांच्याच नावावर असेल आणि त्याची किंमत मोठी असेल, तर वडिलांच्या हयातीतच दोन्ही देशांच्या कर सल्लागारांना विचारून त्याच्या मालकीचा निर्णय घ्यावा.